देश तसा वेश : युरोपातील अमेरिकन प्रवासी आणि लोकांत मिसळून जाण्याचा प्रश्न

जेवणाच्या मेजावर बसलेला अमेरिकन मनुष्य मांसाचा तुकडा कापताना सुरी उजव्या हातात व काटा डाव्या हातात धरतो. तुकडा कापून झाला की सुरी बशीच्या कडेवर ठेवतो, काटा उजव्या हातात घेतो आणि मगच घास तोंडात घालतो. पुढच्या तुकड्याच्या वेळी हाच क्रम पुन्हा. युरोप खंडात बहुतेक ठिकाणी काटा डाव्या हातातून हलत नाही. हातांची ही अदलाबदल इतकी क्षुल्लक आहे की ती करणारास ती आपण करीत आहो याची जाणीवही नसते. आणि नेमके याच कारणामुळे तिला महत्त्व प्राप्त होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली स्थापन झालेल्या ‘ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस’ या अमेरिकन गुप्तहेर संघटनेस शत्रुव्याप्त युरोपात माणसे पाठवावयाची असत, तेव्हा तिला अशा क्षुल्लक गोष्टींचाच अधिक विचार करावा लागे. चार भोकांची गुंडी अमेरिकेत दोऱ्याची फुली घालून शिवली जाई, तर युरोपात दोऱ्याच्या दोन समांतर रेघा दिसत. भाषा, कागदपत्रे, कोटाचा काप हे सारे बिनचूक असले तरी एका गुंडीने घात होण्याचा संभव होता.

आज युरोपात जाणाऱ्या अमेरिकन प्रवाशाच्या जिवावर असे काही बेतलेले नसते. तथापि ‘आपण परके म्हणून ओळखू येऊ नये’ ही त्याची इच्छा मोठी चिवट आहे, आणि ती पुरी करण्याचे उपाय सांगणारे प्रवासी वाङ्मयही विपुल आहे. ही इच्छा कोठून येते आणि ती कितपत सफल होऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही इच्छा अलीकडची आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. १८६७ साली ‘क्वेकर सिटी’ या जहाजातून युरोप व पवित्र भूमीची यात्रा करून आलेल्या मार्क ट्वेनने ‘द इनोसंट्स अब्रॉड’ (१८६९) या ग्रंथात आपल्या देशबांधवांच्या गावंढळपणाची थट्टा केली, हे सर्वश्रुत आहे. त्याच ग्रंथात हॉटेलच्या नोंदवहीत आपल्या देशाचे नाव फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या अमेरिकनांचीही त्याने तितकीच निर्दय थट्टा केली आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते. हेन्री जेम्सच्या ‘डेझी मिलर’ (१८७८) या कथेत नायिकेच्या वर्तनाला नाके मुरडणारी मंडळी पाहिली, तर त्यांत युरोपात वर्षानुवर्षे राहिलेले अमेरिकनच पुढे आहेत. म्हणजे लज्जेचा उगम यजमानांच्या नजरेपेक्षा स्वकीयांच्या नजरेत अधिक आहे. परदेशी गल्लीत समोरून आपल्याच मुलखाचा मनुष्य आला असता रस्त्याची दुसरी बाजू धरावीशी वाटणे, हा अनुभव केवळ अमेरिकनांचा नव्हे.

लज्जेच्या जोडीला पुढे काटकसर आली. आर्थर फ्रॉमर यांचे ‘युरोप ऑन फाइव्ह डॉलर्स अ डे’ हे पुस्तक १९५७ साली निघाले. कमी खर्च केल्याने मनुष्य स्थानिक लोकांच्या अधिक निकट जातो, हा त्याचा गाभा होता. पुढच्याच वर्षी अटलांटिक ओलांडणारी जेट विमाने सुरू झाली आणि हा उपदेश ऐकणारांची संख्या झपाट्याने वाढली. तिसरे कारण भयाचे. जून १९८५ मध्ये अथेन्सहून निघालेल्या अमेरिकन विमानाचे अपहरण झाले, ऑक्टोबरात ‘अकिले लाउरो’ हे जहाज अतिरेक्यांनी ताब्यात घेतले, डिसेंबरात रोम व व्हिएन्ना येथील विमानतळांवर हल्ले झाले. १९८६ च्या उन्हाळ्यात युरोपात जाणाऱ्या अमेरिकनांची संख्या लक्षणीय प्रमाणात घटली. जे गेले त्यांना आपले पारपत्र शक्यतो झाकून ठेवावेसे वाटू लागले. कॅनडाने १९६५ साली स्वीकारलेल्या ध्वजावरील मेपलचे पान पाठीवरच्या पिशवीला शिवून घेण्याची युक्ती याच जातीची. इराकवरील २००३ च्या आक्रमणानंतर तिची पुन्हा बरीच चर्चा झाली. वास्तविक या युक्तीने मनुष्य लोकांत मिसळत नाही, तो केवळ दुसऱ्या देशाचा परका होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. परका ओळखू येतो तो कशावरून? अर्व्हिंग गॉफमन याने मनुष्याकडून इतरांस मिळणाऱ्या संकेतांचे दोन वर्ग केले आहेत : एक त्याने हेतुपुरस्सर दिलेले, दुसरे त्याच्याकडून नकळत निसटलेले. दैनंदिन जीवनातील आत्मप्रदर्शनाविषयीच्या त्याच्या ग्रंथात (१९५९) या भेदाच्या विवेचनासाठी त्याने विल्यम सॅन्सम या कादंबरीकाराचे जे पात्र निवडले, ते स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर सुटीसाठी आलेल्या प्रीडी नामक इंग्रज प्रवाशाचे आहे. आपले कोणाकडेही लक्ष नाही हे सर्वांच्या लक्षात यावे यासाठी प्रीडी जी धडपड करतो, तीच मुळी लक्ष वेधून घेते. लोकांत मिसळण्याचे मार्गदर्शन करणारी पुस्तके पहिल्या वर्गातील संकेतांविषयी बोलतात. बेसबॉलची टोपी घालू नये, खेळाचे पांढरे बूट टाळावेत, अर्धी विजार नेसून चर्चमध्ये जाऊ नये, असा त्यांचा उपदेश असतो. प्रवाशाला उघडे पाडतात ते मात्र दुसऱ्या वर्गातील संकेत.

चालण्याचेच उदाहरण घ्या. मार्सेल मोस याने १९३४ साली दिलेल्या ‘देहाची तंत्रे’ या विषयावरील व्याख्यानात एक आठवण सांगितली आहे. न्यूयॉर्कमध्ये रुग्णालयात पडून असताना तेथील परिचारिकांची चाल त्याला ओळखीची वाटू लागली. विचारांती उमगले की ती त्याने चित्रपटात पाहिली होती. फ्रान्सला परतल्यावर पाहतो तो पॅरिसच्या मुलीही तशाच चालू लागलेल्या. ही आठवण दोन्ही अंगांनी उपयोगी आहे. चालणे, बसणे, उभे राहताना अंगाचा भार एका पायावर टाकणे या गोष्टी निसर्गदत्त नसून समाजाने शिकविलेल्या असतात, हे एक. दुसरे असे की, अमेरिकन रीती प्रवाशाच्या आधीच युरोपात पोहोचलेल्या असतात. जीन्सची विजार, खेळाचे बूट आणि तीच ती टोपी आज मिलान व माद्रिद येथील तरुणांच्या अंगावरही दिसते. यास्तव पोषाखाविषयीचा जुना उपदेश आता बराचसा निकामी झाला आहे.

आवाजाचे मात्र तसे नाही. एडवर्ड हॉल हे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवीत असत. ‘द हिडन डायमेन्शन’ (१९६६) या ग्रंथात त्यांनी अमेरिकन मध्यमवर्गातील माणसामाणसांमधील अंतरांचे मापन केले : दीड फुटापर्यंत जवळिकीचे, दीड ते चार फूट वैयक्तिक, चार ते बारा फूट सामाजिक, त्यापुढे सार्वजनिक. सामाजिक अंतरावर अमेरिकन मनुष्य जो आवाज लावतो, तो इंग्लंडच्या उच्च वर्गाच्या मानाने काहीसा मोठा. परंतु अरब, स्पॅनिश, रशियन व भारतीय उपखंडातील लोकांच्या मानाने लहान, असे त्यांचे निरीक्षण आहे. म्हणजे लंडनच्या उपाहारगृहात जो अमेरिकन ‘ओरडतो’, तोच सेव्हिलमध्ये हळू बोलणारा ठरावा. ‘युरोप’ ही एकच एक वस्तू मानून लोकांत मिसळण्याचे नियम सांगणे किती फसवे आहे, हे यावरून दिसेल. (भारतीय उपखंड या यादीत कोठे आहे, ते आपणही ध्यानी घेतलेले बरे.)

बोटांनी मोजणे हा असाच एक निसटता संकेत. जर्मनीत मोजणी अंगठ्यापासून सुरू होते; दोन म्हणजे अंगठा व तर्जनी. अमेरिकन मनुष्य तर्जनीपासून आरंभ करतो. क्वेंटिन टॅरँटिनोच्या ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’ (२००९) या चित्रपटात जर्मन अधिकाऱ्याचे सोंग घेतलेला इंग्रज तीन पेले मागविताना चुकीची तीन बोटे वर करतो आणि फसतो. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवून मोजणारा आपल्याकडचा मनुष्य तर तेथे पहिल्या आकड्यालाच पकडला जाईल. उलट तळमजल्यानंतर पहिला मजला येतो, तारखेत दिवस आधी व महिना मागाहून लिहावयाचा असतो, या गोष्टी मुंबईकरास युरोपात नव्याने शिकाव्या लागत नाहीत. अमेरिकनास शिकाव्या लागतात.

तथापि सर्वांत उद्बोधक उदाहरण फ्रान्समधील दुकानाचे आहे. अमेरिकन प्रवासी दुकानात शिरतो, हसतो, क्षमा मागून थेट आपली गरज सांगतो. स्वतःच्या देशाच्या मापाने त्याने सौजन्यात काही कसूर केलेली नसते. परंतु फ्रान्समध्ये दुकानाचा उंबरा ओलांडणे म्हणजे कोणाच्या तरी अधिकारक्षेत्रात पाऊल टाकणे होय. तेव्हा प्रथम ‘बोंझूर, मादाम’ असे म्हणून समोर मनुष्य आहे हे मान्य करावयाचे, मग पुढचे बोलणे. ते न केल्यास विक्रेती तुटक उत्तर देते. आणि फ्रेंच लोक उर्मट असतात हा आपला पूर्वग्रह खरा ठरला, असे मानून प्रवासी बाहेर पडतो. दोघेही आपापल्या नियमांनी सभ्य होते. आल्फ्रेड शुट्झ हा व्हिएन्नाचा तत्त्वचिंतक १९३९ साली न्यूयॉर्कला आश्रयास आला आणि १९४४ साली त्याने परक्या माणसाविषयी एक निबंध लिहिला. समाजातील माणसांपाशी व्यवहाराच्या तयार पाककृती असतात व त्या वापरताना त्यांना विचार करावा लागत नाही. परक्याला मात्र प्रत्येक पाककृती वाचून करावी लागते, असा त्याचा आशय आहे. येथे एक चमत्कारिक गोष्ट नमूद केली पाहिजे. शुट्झने अल्पकाळ आलेल्या पाहुण्यास आपल्या विवेचनातून मुद्दाम वगळले आहे. गेऑर्ग झिमेलनेही १९०८ मधील आपल्या प्रसिद्ध टिपणात येऊन राहणारा परका विचारात घेतला, येऊन जाणारा नव्हे. पर्यटकाला या दोन्ही आद्य विवेचनांत स्थान नाही, आणि तरीही त्यांतील साधने त्याला चपखल लागू पडतात.

बक्षिसीची गोष्टही पाककृतीसारखीच आहे. अमेरिकेत बक्षिसी मिळविणाऱ्या कामगारास मालकाने द्यावयाचे संघराज्यीय किमान वेतन १९९१ साली तासाला २.१३ डॉलर ठरले. उरलेली मिळकत गिऱ्हाइकाच्या हाती. फ्रान्समध्ये १९८७ च्या शासकीय आदेशानुसार दर्शविलेल्या किमतीतच सेवेचे मूल्य अंतर्भूत असते. तेथे बिलाच्या पंचमांशाइतकी रक्कम ठेवणारा अमेरिकन उदार असतोच असे नाही; एका अर्थव्यवस्थेने लावलेली सवय तो दुसरीत घेऊन आलेला असतो. वाढप्याने सतत हसतमुखाने विचारपूस करावी, ही त्याची अपेक्षाही त्याच सवयीची दुसरी बाजू होय.

या विवेचनावरून दोन हेतूंत भेद करणे अवश्य वाटते : ओळखू न येणे आणि कोणास न खुपणे. १९४२ साली अमेरिकेच्या युद्धखात्याने ब्रिटनला जाणाऱ्या सैनिकांसाठी जी पुस्तिका काढली, तिच्यात बढाई मारू नका, जास्तीच्या पगाराचे प्रदर्शन करू नका, असे सांगितले होते. इंग्रज दिसा, असे नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिला हेतू आठवड्याच्या मुक्कामात असाध्य आहे, दुसरा एका सकाळीही साधतो. पॅरिसमधील विक्रेती प्रवाशाच्या फ्रेंच वाक्याला पुष्कळदा इंग्रजीत उत्तर देते, तेव्हा तो हिरमुसतो. परंतु तिने त्याला ओळखले म्हणजे नाकारले असे होत नाही.

शिवाय ‘अमेरिकन’ हा शब्द आपण आतापर्यंत जणू सर्व अमेरिकन एकसारखे दिसतात अशा रीतीने वापरला. जेम्स बाल्डविन १९४८ साली पॅरिसला गेला. पुढे स्वित्झर्लंडमधील लॉयकरबाद या डोंगराळ गावी तो राहिला, तेथील लोकांनी त्यापूर्वी कृष्णवर्णीय मनुष्य पाहिलेला नव्हता. त्या अनुभवावरील त्याचा निबंध १९५३ चा आहे. तो अमेरिकेहून आला आहे हे गावाला ठाऊक होते. पण काळा मनुष्य आफ्रिकेचाच, या समजुतीपुढे त्या माहितीचे काही चालेना. त्याला आपले अमेरिकनपण लपवावयाचे नव्हते, ते कोणी मानीतच नव्हते. न्यू जर्सीत जन्मलेल्या मराठी आईबापांच्या मुलीचीही युरोपात थोड्याफार प्रमाणात हीच गत होते. उच्चार, चाल आणि काटा धरण्याची पद्धत सर्वस्वी अमेरिकन. पण ‘आपण मूळच्या कोठल्या?’ हा प्रश्न चुकत नाही. लोकांत मिसळण्याची उमेद धरणे हीसुद्धा ज्याचा वर्ण आधीच मिसळलेला आहे त्याची चैन आहे. ‘अपूर्वाई’पासूनच्या आपल्या प्रवासवर्णनांत ही उमेद क्वचितच का आढळते, याचे एक उत्तर येथे असावे.

लज्जा, काटकसर व भय यांच्यापेक्षा वेगळे असे चौथे कारण डीन मॅककॅनेल यांच्या ‘द टूरिस्ट’ (१९७६) या ग्रंथात सापडते. गॉफमनने रंगभूमीवरून घेतलेला दर्शनी व मागील भागांचा भेद त्यांनी पर्यटनास लावला. आपल्या घरांच्या भाषेत सांगावयाचे तर पाहुण्याला ओटीवर समाधान नसते, त्याला माजघर पाहावयाचे असते. आणि हे ओळखून यजमान माजघरासारखी दिसणारी आणखी एक ओटी सजवितात. २००८ साली स्थापन झालेल्या एअरबीएनबी या कंपनीने २०१६ मध्ये नुसते जाऊ नका, तेथे राहा, या आशयाची जाहिरात केली, तेव्हा तिने याच तृष्णेला हाक दिली होती. जुना, डोळ्यांत भरणारा पर्यटक बसमधून उतरून हॉटेलात जाई. स्थानिकासारखे राहू पाहणाऱ्याला स्थानिकाचे घर लागते, आणि ते घर कोणाच्या तरी भाड्यातून सुटावे लागते. मग वाणसामानाच्या दुकानाजागी न्याहारीची दुकाने येतात. त्या जिन्यावर त्याला भेटणारा शेजारीही पुष्कळदा त्याच्यासारखीच किल्ली हाती घेतलेला प्रवासी असतो.

६ जुलै २०२४ रोजी बार्सिलोनात निघालेल्या मोर्चात उपाहारगृहांच्या बाहेर बसलेल्या प्रवाशांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडविल्या गेल्या. नेम धरणारांना माणसे पोषाखावरून निवडावी लागली नाहीत. ती कोठे बसली आहेत एवढे पुरेसे होते. त्याच्या आदल्या महिन्यात महापौर जाउमे कोलबोनी यांनी शहरातील दहा हजारांहून अधिक पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याची घोषणा केली. हा निर्णय अमलात आला तर प्रवासी पुन्हा हॉटेलात, म्हणजे ओटीवर जाईल. तेथे गेल्यावर त्याची लोकांत मिसळण्याची धडपड कमी होते की केवळ तिचे स्थान बदलते, हे त्या शहराच्या एखाद्याच वस्तीत, आधीची व नंतरची पाहणी करून तपासण्याजोगे आहे.