शमीच्या शेंगांची भाजी : थरच्या प्रदेशातील वनस्पती व अन्न

दसऱ्याच्या दिवशी महाराष्ट्रात शमीची पूजा होते. पांडवांनी अज्ञातवासात जाताना आपली शस्त्रे याच वृक्षावर ठेवली होती, ही कथा विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परंतु पूजेसाठी आणलेल्या डहाळीपलीकडे हा वृक्ष पुष्कळांनी पाहिलेला नसतो. आपल्याकडील कोरड्या भागांत त्यास सौंदड असेही म्हणतात. हाच वृक्ष पश्चिम राजस्थानात खेजडी या नावाने ओळखला जातो. तेथे तो केवळ पूजेचा वृक्ष नसून त्याच्या शेंगा लोकांच्या ताटात येतात.

वाळवंट म्हणजे जेथे काहीच उगवत नाही असा प्रदेश, ही व्याख्या मुले पाठ करतात आणि वर्गात ती बहुधा तशीच चालून जाते. सहारातील काही भागांपुरती ती खरी मानता येईल. थरच्या बाबतीत मात्र ती सपशेल चुकीची आहे. जगातील वाळवंटांत अत्यंत दाट वस्ती असलेला प्रदेश म्हणून थरची गणना होते. तेथे शेते आहेत, गुरे व शेळ्या-मेंढ्या आहेत, आणि शेताच्या मधोमध राखून ठेवलेली झाडे आहेत. इतकी माणसे तेथे कशावर जगत आली, हा प्रश्न मुलांनी विचारला पाहिजे.

प्रथम पावसाचा विचार करू. सह्याद्री समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांस आडवा उभा आहे. त्यामुळे रत्नागिरीस वर्षाला ३०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि घाट ओलांडून जतकडे गेले की तोच ५० ते ६० सेंटिमीटरांवर येतो. अरवली पर्वताची रांग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाते. अरबी समुद्रावरून येणारे वारे तिला समांतर वाहतात, त्यांस अडथळा होत नाही, आणि ते फारसा पाऊस न देता पुढे निघून जातात. जैसलमेरच्या वाट्यास वर्षाकाठी १५ ते २० सेंटिमीटर पाऊस येतो, आणि तोही दरवर्षी येईलच असे नाही. कोकणात एका मुसळधार दिवसात कधी कधी इतका पाऊस पडून जातो, असे सांगितले म्हणजे मुलांस दोन्ही प्रदेशांतील अंतर चटकन उमगते.

एवढ्या पाण्यावर जगावयाचे तर झाडास काही युक्ती साधावी लागते. खेजडी आपले मूळ वीस-तीस मीटर खोल नेते. भर उन्हाळ्यात, पावसाचा मागमूस नसताना, तिला नवी पालवी फुटते. तिच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात, पानांचा पाचोळा खाली कुजतो, आणि तिच्या सावलीतील बाजरी उघड्या रानातील बाजरीपेक्षा जोमदार येते. शेतात झाड असले की पीक मारले जाते, हा आपल्याकडील शेतकऱ्याचा अनुभव. मारवाडच्या शेतकऱ्याचा अनुभव नेमका उलट आहे. केर नावाच्या झुडपाची युक्ती निराळी. आपल्याकडे यास नेपती म्हणतात आणि संस्कृतात करीर. ते पाने जवळजवळ धरतच नाही. पानांतून पाणी उडून जाते, म्हणून अन्न तयार करण्याचे काम त्याच्या हिरव्या काटक्याच करतात. वाळूच्या टेकड्यांवर वाढणारा फोगही असाच पर्णहीन दिसतो; त्याच्या कळ्या दह्यात घालून रायते करतात.

आता अन्नाकडे वळावयाचे. मारवाडातील प्रसिद्ध भाजीचे नाव पंचकुटा. खेजडीच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी, केराची हिरवी फळे, कुमट नावाच्या बाभळीच्या जातीच्या झाडाच्या चपट्या बिया, गुंदा आणि आंबटपणासाठी आमचूर किंवा काचरी, असे पाच जिन्नस त्यात येतात. घरोघरी थोडा फरक असतो. यांपैकी गुंदा म्हणजे आपले भोकर. त्याचे लोणचे महाराष्ट्रातही घालतात, तेव्हा हा पदार्थ आपणास वाटतो तितका परका नव्हे. केराचे फळ कच्चे खाल्ले तर तोंड कडू होते. म्हणून ते मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस भिजत ठेवतात, पाणी वेळोवेळी बदलतात, कडवटपणा गेला की उन्हात वाळवितात. सांगरी उकडून वाळवितात. उन्हाळ्यात हे काम उरकले म्हणजे वर्षाची बेगमी झाली. शिजविताना तेल सढळ आणि पाणी बेताचे, यामुळे ही भाजी कित्येक दिवस टिकते. शीतलाष्टमीस चूल न पेटविता आदल्या दिवशीचे अन्न खाण्याची तेथे प्रथा आहे. त्या दिवशीच्या शिळ्या ताटात ही भाजी हमखास असते. तिच्याबरोबर बाजरीची जाड भाकरी, म्हणजे सोगरा. ताकात बाजरीचे पीठ शिजवून केलेली राबडीही रोजच्या जेवणातील. जेथे पाण्यापेक्षा दूध-ताक सहज मिळते, तेथील स्वयंपाक असाच होणार.

कोकणातील गृहिणीही उन्हाळ्यात वाळवणात गुंतलेली असते. आमसुले, फणसाची साठे, सुकी मासळी आणि माती लावून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, अशी तिची तयारी मृगापूर्वी पुरी व्हावी लागते. दोन्हीकडे ऊन तेच आणि वाळविणे तेच. एकीकडे पाऊस घराबाहेर पडू देणार नाही म्हणून, दुसरीकडे तो येईल की नाही याचा भरवसा नाही म्हणून.

दुष्काळात ही वनस्पतींची ओळख जीव वाचविणारी ठरे. १८६८-६९ च्या राजपुतान्यातील दुष्काळात अनेकांनी खेजडीची साल वाळवून, कुटून, पिठात मिसळून खाल्ली आणि ते तगले. भुरट नावाच्या काटेरी गवताचे बारीक बी गोळा करून त्याच्या भाकरी करीत. तुंबा म्हणजे आपले कडू वृंदावन. त्याचा गर जहाल रेचक आहे, परंतु बिया वारंवार धुऊन त्यांतील कडवटपणा काढीत आणि बाजरीबरोबर दळीत. हे वर्गात सांगताना एक सावधगिरी अवश्य पाळावी. मुले चौकस असतात आणि कडू वृंदावनाचे वेल आपल्याकडेही आढळतात; कोणीही ते चाखून पाहू नये. या बिया खाण्याजोग्या करण्याची कला पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाची असून ती वाचून साधत नाही. दुष्काळातील ही सांगरी आज शहरांच्या बाजारात महाग विकली जाते आणि लग्नाच्या पंगतीत मानाने वाढली जाते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र खेजडीचा एक पेच आहे. हिवाळ्यात तिच्या फांद्या छाटल्या तर ‘लूंग’ म्हणजे तिचा पाला गुरांना मिळतो आणि रब्बीच्या पिकास ऊनही लागते. पण छाटलेल्या झाडास त्या वर्षी शेंगा धरत नाहीत. चारा की भाजी, हे दर हिवाळ्यात प्रत्येक झाडापाशी ठरवावे लागते. सर्व झाडे दरवर्षी छाटणे झाडांच्याही जिवावर बेतते.

या वृक्षासाठी माणसांनी प्राण दिल्याचा इतिहास आहे. १७३० साली जोधपूरच्या महाराजांच्या बांधकामास लागणारा चुना भाजण्यासाठी लाकूड हवे होते. त्यासाठी खेजडली गावची झाडे तोडावयास माणसे आली. तेव्हा अमृतादेवी या बिश्नोई स्त्रीने झाडास मिठी मारली आणि ती मारली गेली. तिच्यामागून एकूण ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. १९८३ साली खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष ठरली. तरीही ती निर्धास्त नाही. भूजल खाली गेले आहे, मुळे पोखरणारी कीड आणि मुळे कुजविणारी बुरशी यांनी अनेक ठिकाणी झाडे वाळत आहेत, आणि अलीकडच्या वर्षांत सौरऊर्जा प्रकल्पांसाठी जमीन मोकळी करताना झालेल्या तोडीविरुद्ध बिकानेरकडील लोकांनी आंदोलने केली आहेत. सूर्यप्रकाशापासून वीज मिळविणे हे उत्तम कार्य होय, परंतु त्या जमिनीवर पूर्वी काय उभे होते हेही मोजले गेले पाहिजे.

शाळेच्या परिसरात शमी असल्यास मुलांना ती प्रत्यक्ष दाखवावी. वेडी बाभूळ म्हणून सर्वत्र माजलेले परदेशी झाड तिच्यासारखे दिसते. त्याची व शमीची पाने शेजारी ठेवून फरक पाहावयास लावावा. तोडलेल्या एका झाडामागे दहा रोपे लावू, असे आश्वासन पुष्कळदा दिले जाते. शमीचे रोप पहिली काही वर्षे जमिनीच्या वर फारसे वाढताना दिसत नाही, कारण त्याचे सारे बळ मूळ खाली नेण्यात खर्ची पडते. शेंगा धरू लागण्यास त्यास बरीच वर्षे लागतात, आणि तोवर शेळ्यांपासून त्याचे रक्षण करावे लागते.