पाण्यातून काढलेलं रेडियम जातं कुठे?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं वॉकेशा शहर अनेक दशकं खोल वालुकाश्मातलं भूजल पीत होतं. खडकातल्या युरेनियम आणि थोरियमच्या क्षयातून तयार होणारं रेडियम त्या पाण्यात उतरतं. ते कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून हाडांत साठतं. खरा धोका हाच. रेडियम-२२६ आणि २२८ मिळून लिटरमागे ५ पिकोक्युरी ही तिथली कमाल मर्यादा, म्हणजे एका लिटरात मिनिटाला साधारण ११ अणूंचा क्षय.

उकळून रेडियम जात नाही. आयन-विनिमय, चुन्याची प्रक्रिया, मँगनीज ऑक्साइड किंवा रिव्हर्स ऑस्मोसिस यांनी ते पाण्यातून निघतं, पण नष्ट होत नाही. रेडियम-२२६चं अर्धायुष्यच सुमारे १,६०० वर्षं! फिल्टर धुतलेलं पाणी गटारात सोडलं की त्यातलं बरंचसं रेडियम मैलाशुद्धीकरण केंद्राच्या गाळात उतरतं, आणि असा गाळ अनेक ठिकाणी खत म्हणून शेतात पडतो. म्हणून गाळाची तपासणी पिण्याच्या पाण्याइतक्याच नेमाने व्हायला हवी.

वॉकेशाने अखेर स्रोतच बदलला. ऑक्टोबर २०२३पासून तिथे मिलवॉकीमार्गे मिशिगन सरोवराचं पाणी येतं. वापरलेलं पाणी शुद्ध करून रूट नदीतून सरोवरालाच परत दिलं जातं.