तळं हिरवं पडलं, आता काय करायचं?

गावतळं ठेक्यानं घेऊन मासे सोडणारे बचत गट आता बरेच झालेत. ज्यांच्या शेतात शेततळं आहे, तिथंही त्याची राखण बहुतेक घरातल्या बाईकडेच असते. म्हणून आजच्या भागात आपण तळ्यातलं शेवाळ, पाणतण आणि तळ्यावर येणारे पशुपक्षी यांच्याबद्दल बोलणार आहोत. गटाचं बीज, खाद्य, ठेक्याचे पैसे असं सगळं त्या पाण्यात असतं. एका पहाटे मासे उलटे तरंगताना दिसले, तर वर्षाचा हिशोब बुडतो.

आधी मूळ कारण बघू. शेतात युरिया टाकला की पीक तरारतं. तेच खत पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात उतरलं की पाण्यातली वनस्पती तरारते. वरच्या अंगाचा उकिरडा, गोठ्याचं पाणी, कपडे-भांड्यांचा साबण, माशांना घातलेलं जास्तीचं खाद्य, हे सगळं शेवाळाचं खतच आहे. नुसतं शेवाळ काढत राहिलो आणि खत येत राहिलं, तर ते महिनाभरात परत येणार. म्हणून पाणी जिथून तळ्यात शिरतं, तिथून कामाला लागा. तिथं गाळ बसायला छोटा खड्डा करा, त्यापुढं दोन-तीन हात रुंद गवताचा पट्टा राखा, उकिरडा उताराच्या दुसऱ्या बाजूला न्या आणि धुणं काठापासून लांब करा. या कामाला पैसे फारसे लागत नाहीत.

हिरवं पाणी किती चांगलं?

थोडं हिरवं पाणी माशांना लागतंच. कटला, रोहू यांचं खाद्य त्यातच वाढतं. पण जास्त हिरवं झालं की घात होतो. दिवसा उन्हात शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेतं. म्हणून पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. आभाळ दोन-तीन दिवस भरलेलं असलं की दिवसाचीही भर पडत नाही. अशा वेळी मासे वर येऊन तोंडानं हवा गिळताना दिसतात. तसं दिसलं तर त्या दिवशी खाद्य आणि शेण दोन्ही बंद करा. पंप लावून पाणी उंचावरून तळ्यात पाडा, म्हणजे त्यात हवा मिसळते. ताजं पाणी मिळत असेल तर तेही सोडा.

पाण्याची परीक्षा करायला एक सोपी युक्ती आहे. पांढरी थाळी काठीच्या टोकाला आडवी बांधा आणि दहा-अकरा वाजता, ऊन असताना, हळूहळू पाण्यात सोडा. साधारण फूट-दीड फुटावर थाळी दिसेनाशी झाली तर पाणी ठीक आहे. वीतभरातच दिसेनाशी झाली तर पाणी जास्त हिरवं आहे, शेण आणि खाद्य थांबवा. आठवड्यातून एकदा हे बघून गटाच्या वहीत लिहून ठेवा.

एका शेवाळापासून मात्र जपा. पाण्यावर हिरवा-निळसर रंग सांडल्यासारखी साय धरते, तिला वास येतो. तिच्यात काठी घाला. केसांसारखे धागे काठीला लोंबले तर ते साधं तंतूचं शेवाळ. रंग फासल्यासारखा काठीला लागला तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं, आणि ते विषारी असतं. ते पाणी जनावरांना पाजू नका, मुलांना त्यात उतरू देऊ नका. उकळलं तरी ते विष जात नाही.

जलपर्णी आणि बाकीचं पाणतण

धाग्याचं शेवाळ बांबूला गुंडाळून किंवा दाताळ्यानं ओढून निघतं. टिकलीएवढ्या पानांची हिरवी चादर पसरली असेल, तर दोघींनी जुनी साडी दोन टोकांना धरून ती एका कोपऱ्यात गोळा करावी. तळाशी रुजणारं तण गवत्या मासा आवडीनं खातो. पण हा मासा बाहेरचा आहे, म्हणून पाणी बाहेर जातं तिथं जाळी बसवल्याशिवाय तो सोडू नका. जलपर्णीवर त्याचा भरवसा धरू नका.

जांभळ्या फुलांची जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. हवा मानवली तर साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. म्हणजे आज पाव तळं झाकलेलं दिसतंय, तर महिन्याभरात सगळं झाकलं जाईल. तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहतं. म्हणून ती फुलायच्या आधी काढा, आणि मुळासकट काढा. तुटलेला तुकडा पाण्यात राहिला तर त्याचंच नवं झाड होतं. एकदा काढून झालं की दर पंधरा दिवसांनी फेरी मारा. दहा रोपं उपटणं दहा मिनिटांचं काम, तळं भरलं की तेच दहा दिवसांचं होतं.

मासे असलेलं तळं एका दिवसात साफ करू नका. सगळा गाळ ढवळला की प्राणवायू घटतो. तुकड्यातुकड्यानं, मधे काही दिवस सोडून काढा. काढलेलं तण काठावरच टाकलं तर त्याचा रस परत पाण्यात उतरतो, म्हणून ते बांधापलीकडे न्या. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. चार-पाच दिवस वाळू द्या, मग शेणाचे थर देऊन खत करा. कारखान्याचं किंवा शहराच्या गटाराचं पाणी येणाऱ्या तळ्यातली जलपर्णी मात्र भाजीपाल्याच्या खताला वापरू नका. ती पाण्यातले जड धातू शोषून घेते.

सगळीच पाणवनस्पती वाईट नसते. भंडारा-गोंदिया भागातल्या जुन्या मालगुजारी तलावांवर ढिवर समाजातल्या लोकांनी आणि महिला गटांनी बेशरम उपटून काढली आणि तिथं देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. देशी मासे अशाच वनस्पतींत अंडी घालतात, पिल्लं त्यांच्या आडोशाला वाढतात. म्हणून गावतळ्यात एखादा कोपरा राखा.

औषध टाकावं का?

हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. मोरचूद किंवा तणनाशक स्वस्त आणि झटपट वाटतं. पण मोरचुदाचं प्रमाण थोडं चुकलं तरी मासे मरतात. शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना प्राणवायू संपतो आणि उरलेले मासेही जातात. शेतातलं तणनाशक पाण्यासाठी नसतं, आणि त्या पाण्यावर जनावरं येतात. मत्स्य विभागाच्या माणसानं तळं पाहून प्रमाण लिहून दिल्याशिवाय काही टाकू नका.

पक्षी, साप, खेकडे

पाणकावळे बुडी मारून मासे नेतात, बगळे काठाच्या उथळ पाण्यातले. काठ दोन-तीन फूट खोल ठेवला तर बगळ्याला उभं राहता येत नाही. लहान तळ्यावर दोऱ्या आडव्या ताणल्या की पाणकावळ्याला उतरायला अडचण होते. बीज छोटं असताना ही काळजी जास्त घ्या. या पक्ष्यांना, कासवांना आणि सापांना मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. विरोळा बिनविषारी असतो, थोडे मासे खातो एवढंच. खरं नुकसान घुशी आणि खेकडे करतात. ते बांध पोखरतात, घुशी-उंदीर शेततळ्याचा कागद कुरतडतात. बांधावरचं गवत कापून ठेवा, बिळं दिसली की चिखलमाती ठोकून बुजवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवाळ काढायला कागद टाकलेल्या शेततळ्यात कुणीही उतरू नका. तीस बाय तीस मीटरचं शेततळं तीन मीटर खोल असतं. ओला कागद साबणासारखा निसटतो, पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काम काठावरून, लांब बांबूनं करा, आणि एकटीनं कधीच नको. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडून ठेवा, हवा भरलेली ट्यूब जवळ असू द्या, तळ्याला तारेचं कुंपण करा. हरीण, वासरू, लेकरू, कुणीही पडू शकतं.

मैत्रिणींनो, गटाच्या येत्या बैठकीत तीन कामं वाटून घ्या: थाळी कोण बघणार, पंधरवड्याची फेरी कोण मारणार, आणि दोर-कुंपण कोण तपासणार. बाकी शेवाळाचं बघता येईल, पण दोर आधी बांधा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.