बंधाऱ्याच्या पाण्याचा हिशेब

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस असलेल्या पावस परिसरात, किनाऱ्यावरील इतर गावांप्रमाणेच, वर्षाकाठी सरासरीने ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही मार्च महिना उजाडला की विहिरींचे तळ दिसू लागतात. पाऊस बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, जमीन उताराची असते व जांभ्या खडकात पाणी फार काळ टिकत नाही. म्हणून भातकापणीनंतर वहाळांवर मातीचे व दगडांचे हंगामी बांध घालण्याची पद्धत कोकणात जुनी आहे. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून घातलेले वनराई बंधारे ही याच पद्धतीची सुधारलेली आवृत्ती होय.

भारतात २,००० हेक्टरांपर्यंत लाभक्षेत्र असलेल्या योजनांना लघुसिंचन योजना म्हणतात. वहाळावरील बंधारा त्या मानाने अगदी धाकटा. परंतु मोठ्या धरणाला लागू असलेली कसोटी त्यालाही लागू आहे. बंधारा बांधून झाला म्हणजे योजना यशस्वी झाली, असे मानता येत नाही. ज्या शेतकऱ्याने बंधाऱ्याच्या भरवशावर मिरची, वांगी किंवा कलिंगड लावले, त्याचे पीक हाती येईपर्यंत पाणी पुरले काय, हाच खरा प्रश्न आहे. फळ धरण्याच्या वेळी पाणी तुटले तर बी, खत आणि मेहनत तिन्ही वाया जातात.

पाणी किती दिवस टिकले?

बंधारा केव्हा घातला व पाटाने वाहणे केव्हा थांबले, या दोन तारखा दरवर्षी वहीत नोंदवाव्यात. मोठा दिसणारा साठा पौषातच आटत असेल आणि लहान बंधाऱ्याचे पाणी फाल्गुनापर्यंत चालत असेल, तर दुसरा बंधारा अधिक उपयोगी समजावा. बंधारा घालण्यास उशीर झाला की वहाळाचे चांगले पाणी समुद्रास मिळते. म्हणून पाऊस उघडल्यावर वहाळाचा जोर ओसरताच काम हाती घेणे हिताचे असते.

पाटात किती पाणी मुरले?

पाणी मोजण्यासाठी महाग यंत्राची गरज नाही. एका फळीला काटकोनी खाच पाडून तिच्या कडांना पातळ पत्रा बसवावा. ही फळी पाटात उभी व समपातळीत रोवावी आणि बाजूंनी चिखल लिंपावा. खाचेतून पडणारे पाणी खाली मोकळे पडले पाहिजे. फळीच्या वरच्या अंगास सुमारे अर्धा मीटर मागे, खाचेच्या टोकाच्या पातळीपासून पाण्याची उंची मोजावी. ही उंची ६ सेंटिमीटर असल्यास सेकंदास सुमारे १.२ लिटर, ८ सेंटिमीटर असल्यास २.५ लिटर व १० सेंटिमीटर असल्यास ४.४ लिटर पाणी वाहते.

समजा, बंधाऱ्यापाशी उंची १० सेंटिमीटर आणि शेवटच्या शेतापाशी ८ सेंटिमीटर भरली. फरक केवळ दोन बोटांचा वाटतो. प्रत्यक्षात सेकंदास १.९ लिटर, म्हणजे शेकडा ४३ भाग पाणी वाटेतच नाहीसे झालेले असते. एक गुंठ्यावर १ सेंटिमीटर पाणी देण्यास सुमारे १,००० लिटर लागतात. ५ सेंटिमीटरची पाळी द्यावयाची तर तासाभरात तीन गुंठे भिजावयास हवेत, तेथे जेमतेम पावणेदोन गुंठे भिजतात. अशा वेळी नवा बंधारा मागण्यापूर्वी पाटातील गवत काढावे, खेकड्यांची बिळे बुजवावीत आणि जेथे पाणी फार मुरते तेवढ्या भागात पाइप टाकावा.

शेवटच्या वाफ्याची साक्ष

योजनेची पाहणी बंधाऱ्यावरून न करता पाटाच्या शेवटापासून सुरू करावी. वरच्या शेतात पाणी तुंबते आणि खालचे शेत कोरडे राहते, असे आढळल्यास दोष पाण्याचा नसून वाटपाचा असतो. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरील जुन्या फड पद्धतीत शेतकरी स्वतः पाणी फोडीत नसे. ते काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे असे. पावसच्या आसपासच्या लहान बंधाऱ्यांवरही पाळीचे दिवस व तास आधी ठरवून एका माणसाकडे वाटप सोपविल्यास तंटे कमी होतील. पाणी कमी असेल त्या वर्षी लागवडीचे गुंठे सर्वांनी सारख्या प्रमाणात कमी करावेत.

खर्च व उत्पन्न

बंधारा घालण्याची मजुरी, पोती, पंपाचे इंधन किंवा वीज आणि डागडुजी हा खर्च एका बाजूस लिहावा. भिजलेले गुंठे, विकलेला माल आणि जगविलेली आंब्याची नवी कलमे दुसऱ्या बाजूस लिहावीत. श्रमदानाचे दिवसही खर्चातच धरावेत. ते फुकटचे नसतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही वही शेतकऱ्यांच्या बैठकीत वर्षातून एकदा, पावसाळा संपण्यापूर्वी वाचून दाखवावी. पुढील हंगामात बंधारा उंच करावा, पाट दुरुस्त करावा की पाळी बदलावी, याचा निर्णय मग अंदाजाने न होता अनुभवाच्या आकड्यांवर होईल आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचण्याची आशा बाळगता येईल.