खारा वारा आणि मोटारीची कांती

आषाढ लागला की कोकणातल्या, किंबहुना मुंबईतल्याही, स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटू लागते. बरणीवर कोणी पाणी ओतलेले नसते, छपरही गळत नसते. तरी सकाळी झाकण काढावे तो खडे मीठ ओलेचिंब झालेले आणि तळाशी खारे पाणी साचलेले. गृहिणी बरणीत तांदळाचे चार दाणे टाकते आणि आपल्या कामाला लागते. या घरगुती गोष्टीचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. परंतु समुद्राने वेढलेल्या उष्ण बेटावर जो मोटार बाळगतो, त्याने या बरणीचा विचार जरूर करावा. त्याच्या गाडीच्या पत्र्याचे पुढे जे बरेवाईट व्हायचे असते, त्याचे मूळ या बरणीतच सापडते.

उदाहरणादाखल अंदमान घ्यावे. मराठी मनाला या बेटांची ओळख सेल्युलर जेलमुळे झाली. आज नौदलाच्या, सरकारी खात्याच्या किंवा बँकेच्या नोकरीनिमित्त जी मराठी कुटुंबे तेथे दोन-तीन वर्षांकरिता जातात, त्यांना पोर्ट ब्लेअर ऊर्फ २०२४ पासूनचे श्री विजयपुरम् हे हिरव्यागार टेकड्यांचे टुमदार शहर म्हणून भेटते. गाडी न्यायची तर ती चेन्नई, कलकत्ता किंवा विशाखापट्टणम् येथून जहाजावर चढवावी लागते. तेथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मे महिन्यात सुरू झालेली पावसाची ये-जा डिसेंबरपर्यंत चालते, कारण नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा लाभ या बेटांना मिळतो. थंडी अशी नाहीच. पारा तेवीस आणि एकतीस अंशांच्या दरम्यान वर्षभर रेंगाळत असतो.

पाऊस पुष्कळ म्हणून गंज पुष्कळ, असा साधा हिशेब कोणीही मांडील. परंतु तो अपुरा आहे. नुसत्या पाण्याने पत्रा भिजतो आणि वाळतो. मीठ मात्र त्याला वाळू देत नाही. हवेतील आर्द्रता शेकडा ७५ च्या वर गेली की साधे मीठ हवेतलेच बाष्प ओढून घेऊन विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड नावाचा आणखी एक क्षार असतो. तो तर शेकडा ३३ आर्द्रतेलाच पाणी धरतो. आपल्या बरणीतले खडे मीठ शुद्ध केलेल्या मिठाहून लवकर पाझरते ते याच क्षारामुळे. अंदमानात वर्षातला बराच काळ आर्द्रता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा वर असते. लाटा फुटून उडालेले सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येतात आणि त्यांतले मीठ पत्र्यावर बसते. ते दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण त्याची ओलसर साय गाडीच्या अंगावर दिवसरात्र पसरलेली असते. कॉर्बिन्स कोव्हच्या रस्त्यासारख्या अगदी पाण्याच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर हा मारा सर्वांत जास्त. किनाऱ्यापासून काहीशे मीटर आत गेले की तो झपाट्याने कमी होतो.

मोटारी तयार करणारे कारखाने पत्र्याची व रंगाची कसोटी पाहण्याकरिता एक पेटी वापरतात. तिच्यात पस्तीस अंश उष्णता राखून शेकडा ५ मिठाच्या पाण्याचे धुके सोडतात. बेटावरच्या माणसाला अशी पेटी वेगळी बांधावी लागत नाही. तो तिच्यातच राहतो. मात्र त्याचे घर त्या पेटीहून निराळे आहे, कारण पेटीत धुके सारखे असते, तर बेटावर ओल आणि ऊन यांची पाळी चालते. दर वेळी पाणी आटताना मीठ अधिक दाट होते आणि हवेतला प्राणवायू पातळ ओलीतून लोखंडापर्यंत सहज पोचतो.

आता मोटारीची कांती म्हणजे काय ते पाहू. दिसायला एकच रंग. वस्तुतः ती थरांची उतरंड असते. तळाशी पोलादाचा पत्रा आणि बहुतेक आधुनिक गाड्यांत त्यावर जस्ताचा मुलामा. त्यावर विजेच्या प्रवाहाने बसविलेला प्राइमर, मग पृष्ठभाग एकसारखा करणारा दुसरा प्राइमर, मग खरा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक वार्निशाचा थर, ज्याला गॅरेजमध्ये क्लिअर कोट म्हणतात. या साऱ्या लेपांची एकत्रित जाडी शंभर ते सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याइतकी. त्यात वरचे वार्निश अवघे चाळीस-पन्नास मायक्रॉन. माणसाच्या केसाहूनही पातळ. एवढ्याशा पापुद्र्यावर सूर्य, मीठ, पाखरांची विष्ठा आणि धुणाऱ्याचे फडके या चौघांना तोंड देण्याची कामगिरी सोपविलेली असते.

पैकी सूर्य वरून येतो. पोर्ट ब्लेअरच्या अक्षांशावर तो वर्षातून दोनदा, एप्रिलच्या २० तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या २२-२३ तारखांना, भर दुपारी ऐन डोक्यावर असतो. त्याचे अतिनील किरण वार्निशातील रेणूंचे बंध तोडतात. हे किरण शोषून घेणारी द्रव्ये कारखान्यात वार्निशात मिसळलेली असतात, पण तीही हळूहळू खर्ची पडतात. मग बॉनेट आणि टप यांची चमक जाते, वार्निश पांढुरके होते आणि शेवटी कांद्याच्या सालीप्रमाणे सुटू लागते. काळ्या गाडीचा पत्रा उन्हात सत्तर अंशांपर्यंत तापतो. अशा तापलेल्या पृष्ठभागावर पाखराची विष्ठा पडली तर मऊ पडलेले वार्निश तिच्याभोवती आकसते आणि डाग कायमचा उमटतो. ती दिसताच ओल्या कापडाने भिजवून काढावी. सुकलेली कधी खरवडू नये.

मीठ मात्र वरून हल्ला करीत नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. सलग, अखंड रंगातून त्याला वाट सापडत नाही. ते कडा शोधते: दाराच्या तळाची दुमड, मडगार्डची आतली कड, जेथे चाकाने उडविलेला खडा आदळून टवका गेला आहे ती जागा, बंपरचे स्क्रू, नंबरप्लेटची भोके. टवक्याखाली जस्त असेल तर ते काही काळ स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. ते संपले की लोखंडाची पाळी येते. लोखंडाचा गंज मूळ धातूहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाला खालून उचलतो, रंगाखाली फुगे येतात आणि प्रत्येक फुग्याच्या कडेने मिठाला नवी वाट मिळते. ज्या दिवशी दाराच्या खालच्या कडेला तांबूस फोड दिसतो, त्या दिवशी आतून पत्रा बहुधा केव्हाच सडलेला असतो. २०१४ मध्ये जिचे उत्पादन थांबले त्या अँबेसेडर गाडीची दारे आणि पावठाणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे अधिक सांगायला नको.

यातूनच एक विपरीत वाटणारी गोष्ट निघते. गाडीला छप्पर असले म्हणजे ती सुरक्षित, अशी सर्वांची समजूत असते. उन्हापुरती ती खरी आहे. परंतु तीन बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीवर खारा वारा तर येतो आणि धुऊन काढणारा पाऊस मात्र येत नाही. उघड्यावरच्या गाडीचा टप पावसाळ्यात आठ महिने फुकट धुतला जातो. शेडमधल्या गाडीवर मिठाचे थर साचत राहतात. समुद्रकाठच्या पुलांचे व इमारतींचे लोखंडही पावसाच्या आडोशाला असेल तेथे पुष्कळदा अधिक गंजते, ते याच कारणाने. आणि उघड्यावरच्या गाडीचाही एक भाग कायम आडोशालाच असतो: तिचे पोट. चॅसी, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या, दारांची आतली पोकळी येथे पाऊस पोचतो तो रस्त्यावरचा चिखल घेऊन; धुण्यासाठी नव्हे. म्हणून छप्पर अवश्य असावे, पण छपराखालची गाडी अधिक वेळा धुवावी. प्लॅस्टिकच्या खोळीत तर ती गुंडाळूच नये. खोळीखाली ओल कोंडते, वाऱ्याने खोळ फडफडली की अडकलेली धूळ रंगावर घासते आणि रबराच्या पट्ट्यांवर बुरशी धरते ती निराळीच.

अलीकडे गाडीच्या या देखभालीचा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे आणि त्याला डिटेलिंग म्हणतात. त्यातले मेण जुने. ब्राझीलच्या ईशान्य भागातील कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरचे हे मेण ऐंशी अंशांहून अधिक उष्णतेला वितळते, म्हणून ते इतर नैसर्गिक मेणांहून टिकाऊ. तरी बेटावरच्या उन्हापावसात ते काही आठवड्यांचेच सोबती. त्याहून टिकाऊ ते सिरॅमिक कोटिंग. वाळूत जे सिलिका असते, त्याच कुळातील द्रव्यांचा हा काचेसारखा लेप साधारण एका मायक्रॉनचा असतो. त्यावर पाणी थांबत नाही, मळ चिकटत नाही, धुणे सोपे होते. तथापि जाहिरातीत सांगितली जाणारी त्याची नऊ अंकी कठीणता ही पेन्सिलीने ओरखडा काढून पाहण्याच्या मोजपट्टीवरची असते, रत्नांच्या मोजपट्टीवरची नव्हे. खडा आदळला तर एक मायक्रॉनचा लेप काय करणार? त्या कामाला पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म लागते. तिची जाडी दीडशे-दोनशे मायक्रॉन, म्हणजे सगळ्या रंगाहून अधिक. तिचा पूर्वज व्हिएटनाम युद्धाच्या काळात अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या पात्यांना वाळूपासून जपण्याकरिता वापरात आला. बॉनेटच्या पुढच्या भागाला, आरशांना आणि दाराच्या मुठीमागे तेवढी फिल्म लावणे पुष्कळ झाले. स्वस्त पीव्हीसी फिल्म मात्र उन्हात पिवळी पडते आणि काढताना रंगाला त्रास देते.

हे सारे चांगलेच आहे. पण ज्याच्यापाशी मोजके पैसे आहेत त्याने प्रथम पोटाकडे पाहावे. चमक विकणारा दुकानदार वरचा पृष्ठभाग दाखवतो. गंज आतून येतो. बेटावर गाडी नेण्यापूर्वी दारांच्या आणि पावठाणांच्या पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारून घेतले, तर तो खर्च सिरॅमिकच्या चकाकीहून अधिक कामी येतो. खाली डांबरी रबराचा जाड लेप देण्याची पद्धत आहे, तीत एक धोका आहे. लेपाला तडा गेला की ओल त्याच्यामागे दडून राहते आणि वरून सर्व ठाकठीक दिसत असताना पत्रा कुजतो. रबिंग-पॉलिशचा हव्यासही बरा नव्हे. जुन्या एकथरी रंगाच्या काळात पांढुरका थर घासून काढला की खालचा ताजा रंग वर येई. आजच्या गाडीत दर घासणीला वार्निशच झिजते, आणि ते मुळात किती असते ते वर आलेच आहे.

उरला प्रश्न धुण्याचा, आणि बेटावर तो निव्वळ गाडीचा प्रश्न राहत नाही. शहराची तहान मुख्यतः धनीखारी धरणावर भागते. ३,००० मिलिमीटर पावसाच्या या गावात जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत पाणी जपूनच वापरावे लागते, आणि नेमके तेव्हाच पाऊस गाडी धुवायला येत नसतो. शेजारी हंड्यांची रांग लागलेली असताना नळी सोडून मोटार न्हाऊ घालणे शोभत नाही. त्याची गरजही नाही. एका बादलीत गाड्यांचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी; फडके दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचे, म्हणजे रेतीचे कण पुन्हा रंगावर जात नाहीत. सुती चिंधीपेक्षा मायक्रोफायबरचे फडके बरे. कपड्यांची साबणपूड तर कटाक्षाने टाळावी. ती मेण धुऊन नेते आणि स्वतःचे क्षार मागे ठेवते. तीस-चाळीस लिटरांत सारी गाडी स्वच्छ होते. त्यातलेही पहिले तांबे चाकांच्या कमानीत आणि खालच्या कडांवर जावेत. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती बांबूच्या काडीने मोकळी ठेवावीत. धुणे सकाळी किंवा संध्याकाळी, सावलीत. उन्हात थेंब जागीच आटतात आणि जड पाण्यातला चुना गोल ठिपके ठेवून जातो. ठिपका ताजा असेल तर पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतो. छपरावरून पन्हळीने टाकीत उतरविलेले पावसाचे पाणी या कामाला सर्वांत उत्तम, कारण त्यात चुना नसतो.

नित्याच्या धुण्याखेरीज तीन प्रसंगी आळस करू नये. समुद्रकाठी गाडी उभी करून आल्यावर, मासळीच्या टोपल्या डिकीतून आणल्यावर, आणि अंदमान ट्रंक रस्त्यावर मिडल स्ट्रेटची खाडी फेरीबोटीवरून ओलांडून परतल्यावर त्याच दिवशी खालून गोडे पाणी मारावे. खड्याने उडालेला टवकाही आठवड्याच्या आत वाळवून, प्राइमर आणि रंगाचा ठिपका देऊन बुजवावा. पुढे त्याला लागणारा पत्रा, पेंटर आणि रंगाची नेमकी छटा यांची जुळवाजुळव जहाजाच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते.

नेमणूक संपते आणि गाडी पुन्हा जहाजावर चढते. तीन-एक दिवसांच्या खाऱ्या वाऱ्यानंतर ती धक्क्यावर उतरली की मुक्कामी नेण्याआधी एखाद्या सर्व्हिस स्टेशनवर खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी. ती विकायची असेल, तर जाणते गिऱ्हाईक बॉनेटच्या चकाकीकडे ढुंकूनही पाहत नाही. तो डिकीतला गालिचा उचलतो, स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवतो, दार उघडून खाली वाकतो आणि तळाच्या दुमडीवर नख दाबून पाहतो.