नोटीस एकाला, भिंत दोघांची

अहिल्यानगरच्या जुन्या पेठांत, म्हणजे माळीवाडा, कापड बाजार, दाळमंडई या भागांत, दगड, माती, चुना आणि लाकूड यांनी बांधलेले वाडे अजून वापरात आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मागे चौक असा त्यांचा पसारा. अशा इमारतींचे भूकंपरोधक मजबुतीकरण, म्हणजे त्या न पाडता त्यांच्या भिंती आणि छत एकमेकांत नीट बांधून घेणे, मालकांवर सक्तीचे करावे का, असा विषय निघाला की ‘इथे भूकंप येतोच कुठे’ हा पहिला आक्षेप येतो, आणि तोच सर्वांत कच्चा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात ज्या किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली, तो परिसर त्या काळच्या भूकंपप्रवण विभागांच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात मोडत होता. 2002 च्या नकाशात तो विभागच उरला नाही. अहिल्यानगरच्या शेजारची पुणे आणि नाशिक ही शहरे त्याच नकाशात तिसऱ्या विभागात आहेत, आणि खुद्द जिल्ह्यात संगमनेर तालुक्यातील घारगाव-बोटा परिसराने 2018 मध्ये सौम्य धक्के अनुभवले आहेत.

जुनी दगडी भिंत रुंदीमुळे अभेद्य भासते, परंतु ती बहुधा दोन भिंतींची जोडी असते: बाहेर घडीव दगडांचा थर, आत ओबडधोबड दगडांचा थर आणि मधल्या पोकळीत कपच्या-मातीची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड बांधतानाच घातलेले नसतील, तर हादऱ्याने भर खाली दबते, थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते आणि शेवटी ती कोसळते. वरचे माळवद हे दुसरे ओझे. लाकडी तुळयांवरील पटईवर पांढऱ्या मातीचा थर असतो आणि गळती थांबवण्यासाठी जुनी माती न उतरवता त्यावर नवी चढवली जात असल्याने त्याची जाडी पिढ्यानुपिढ्या वाढत जाते. किल्लारी भागात लाकडी खणांचे सांगाडे कित्येक ठिकाणी उभेच राहिले. माणसे गाडली गेली ती भोवतीच्या भिंतींच्या आणि वरच्या मातीच्या ढिगाऱ्याखाली.

उपाय अवघड नाहीत, आणि दगडविटांच्या इमारतींच्या मजबुतीकरणासाठी भारतीय मानक 13935 उपलब्ध आहे. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरले जाते, दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर जाळी आणि सिमेंटचा पट्टा घराभोवती फिरवला जातो आणि माळवदाची जादा माती उतरवली जाते. यांतला शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त, तरीही तो घरमालकांना रुचत नाही, कारण उन्हाळ्यातला गारवा त्या मातीमुळेच असतो.

कायद्याची बाजू मात्र अर्धवट आहे. लॉस एंजेलिसने 1981 मध्ये सुमारे 8,000 जुन्या विटांच्या इमारतींना ‘मजबूत करा किंवा पाडा’ असा नियम लावला. महाराष्ट्रात तशी सक्ती नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 नुसार धोकादायक इमारतीला नोटीस देता येते आणि कलम 265अ नुसार 30 वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक स्थैर्य प्रमाणपत्र मालकाने सादर करावयाचे असते. व्यवहारात हे प्रमाणपत्र ‘इमारत येत्या पावसाळ्यात पडेल का’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते, आणि जिथे दगड-मातीची घरे भरपूर आहेत त्या गावठाणांना महानगरपालिकेचा हा कायदा लागूच होत नाही.

मालकांची खरी तक्रार पैशाची आहे, आणि ती रास्त आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली, परंतु भाडेवाढ वर्षाला 4 टक्के ठेवली. महिना 300 रुपये भाड्याच्या दुकानावर ती 12 रुपये होते, आणि तेवढ्यात सिमेंटची एक गोणीही येत नाही. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करावी लागली तर भाडेकरूला परत येण्याचा हक्क कायद्याने दिला असला, तरी एकदा बाहेर पडलो की परत येणे होणार नाही ही धास्ती त्याला असते, आणि मालकाची नोटीस हाती पडली की तो आधी वकील गाठतो.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी मालकांना नुकसानीच्या प्रमाणात 17,000 किंवा 34,000 रुपये हप्त्यांनी मिळत होते. दगडावरचा विश्वास उडालेल्या अनेकांनी जुन्या भिंतीत सळया घालण्यापेक्षा त्या पैशांत शेजारी विटा-सिमेंटची एक खोली उभारणे पसंत केले. तज्ज्ञांना ते चुकीचे वाटले असेल, पण नवी खोली डोळ्यांना दिसते आणि भिंतीतली सळई दिसत नाही, हा हिशेब समजण्यासारखा आहे.

पेठेतल्या मालकाला तीही वाट मोकळी नाही, कारण तिथे वाड्याला वाडा चिकटलेला असतो आणि मधली भिंत सामाईक असते. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचे नाव, वारस पुण्या-मुंबईला विखुरलेले आणि भिंतीच्या पलीकडचा शेजारी वेगळ्याच दाव्यात अडकलेला, अशा स्थितीत एका मालकाने मजबुतीकरणाची तयारी दाखवली तरी आरपार भोक पाडायचे म्हटल्यावर ते शेजाऱ्याच्या माजघरात निघते, आणि त्यासाठी त्याची लेखी संमती आधी मिळवावी लागते.