पुट्टीखालचं दशक

कल्याण पूर्वेत 20 मे 2025 रोजी सप्तशृंगी इमारतीच्या चौथ्या मजल्याचा स्लॅब खाली कोसळला. सहा जण गेले. वर फरशीचं काम चालू होतं. तो आठवडाभर डोंबिवलीत जो तो छताकडे बघत होता. पाऊस लागला तसे पुन्हा पेंटरला फोन सुरू झाले.

जुन्या चाळी सोडून देतो. सांगायचंय ते ऐंशीच्या दशकाचं. 1982 मध्ये ठाण्याची, 1983 मध्ये कल्याणची महानगरपालिका झाली आणि चारमजली इमारती भराभर उठल्या. मी तेव्हा साइटवर होतो. खाडीची रेती न धुताच मिक्सरमध्ये पडायची. टँकर चुकला की स्लॅब मुरवायला केलेले पाण्याचे वाफे कोरडे. खर्च कापायचा झाला की पाणी मारणारा पोऱ्या पहिला कमी व्हायचा.

स्लॅब ओतल्या दिवशीच उन्हानं पडणाऱ्या बारीक, वेड्यावाकड्या चिरांना कोणी भीत नसे, आणि ते बरोबरच होतं. बीम आणि विटांची भिंत यांच्यामधली आडवी फटही बहुधा नुसती कुरूप. खाडीनं वसुली केली ती वीसेक वर्षांनी. रेतीतल्या मिठानं सळई गंजली. गंज लोखंडाच्या कितीतरी पट फुगतो. मग सळईच्याच रेषेत भेग, कडेला तांबूस ओघळ, आणि टकटक केलं की पोकळ आवाज. त्या काळचं पिळाचं टोर स्टील तर गंजायला टपलेलंच.

बीमच्या मधोमध खालून वर चढणारी भेग निदान सवड देते. खांबाजवळची तिरकी चीर देत नाही; ती दिसली की टेकू लावून घर रिकामं करायचं. पण आमच्याकडे दोन्हींवर एकच इलाज, पुट्टी.

2015 मध्ये ठाकुर्लीतली आणि आठवड्यात नौपाड्यातल्या बी-केबिन भागातली इमारत कोसळली, तेव्हा स्ट्रक्चरल ऑडिटची धावपळ झाली. तीस वर्षांवरच्या इमारतींना ते कायद्यानंच सक्तीचं. पण सी-1, म्हणजे 'अतिधोकादायक', हा शेरा म्हणजे घर खाली करणं, आणि परत येण्याच्या हक्काचा कागद हातात नसताना भाडेकरूनं उठायचं कशाच्या भरवशावर? म्हणून अहवाल कपाटात.

आमच्या सोसायटीनं यंदा वॉटरप्रूफ रंगाचा खर्च एकमतानं मंजूर केला. जिन्याखालच्या बीमचा मुद्दा 'आयत्या वेळच्या विषयां'त होता; तोवर निम्मी सभा चहाला गेली होती.